काळुंदेने लावलेली आग

"आग हा जंगलाचा एक नंबरचा शत्रू आहे," असं म्हणत पेनफोल्ड साहेबाने पाइप पेटवला आणि जळती काडी आमच्या व्हरांड्यातून खाली गवतात टाकली.

पायरीवर बसलेल्या काळुंदेने ती टाचेखाली विझवली. साहेबाच्या ते लक्षातही आलं नाही. तो माझ्या हातच्या कोथिंबीर वड्या खात होता आणि चौथीवर त्याची नजर होती.

गोष्ट पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिकातली, दुसऱ्या महायुद्धाच्या थोडी आधीची. रेल्वे स्टेशनपासून दूर, ऐन रानात, इकोंगो नावाचं ठाणं होतं. ठाणं म्हणजे साहेबाचा बंगला, कचेरी, आमचं क्वार्टर आणि शिपायांच्या झोपड्या, संपलं. आमचे हे तिथे जंगलखात्याचे हेडक्लार्क होते. साहेबाला स्वाहिली येत नसल्यामुळे दुभाषीही तेच. इतकी वर्षं त्या मुलखात काढून साहेबाला स्वाहिलीत 'चहा आण' आणि 'लवकर' एवढंच म्हणता यायचं. ह्यांची स्वाहिली पुस्तकातून शिकलेली, इस्त्री केल्यासारखी. माझी बाजारातली, पण भांडायला पुरेशी होती.

काळुंदे न्यामवेझी जमातीची म्हातारी. तिकडे आजीला 'बीबी' म्हणतात, म्हणून मीही तिला बीबीच म्हणत असे. गरीब बिचारी वगैरे मुळीच नव्हती. तपकीर ओढायची, वाटेल त्याला वाटेल ते बोलायची, आणि मला विकायच्या मधात खुशाल पाणी घालायची. पकडलं तर म्हणायची, "माश्यांना तहान लागली होती." नवरा मेलेला, मुलगे घायपाताच्या मळ्यांवर कामाला गेलेले. ओढ्यापलीकडे तिच्या घराण्याची मोठी राई होती. झाडाच्या सालीची लांबट नळकांडी करून ती फांद्यांना टांगायची, त्यात माश्या पोळी करायच्या. भाचे झाडावर चढायचे आणि ही खालून त्यांना शिव्या द्यायची. तिचं सगळं गाव त्या मधावर जगायचं. त्या रानात दरवर्षी गवत जाळायची पहिली आग लावण्याचा मानही तिच्याच घराण्याचा होता. तिने लावल्याशिवाय कुणी काडी पेटवायची नाही.

आता तो मान साहेबाने काढून घेतला होता. रान राखीव झालं होतं आणि जाळायला बंदी आली होती.

"त्याला सांग," काळुंदे ह्यांना म्हणाली, "गवत तयार झालंय. शेंड्याला पिवळं, बुडाला हिरवं. आत्ता जाळलं तर आग घोट्याएवढी राहते आणि संध्याकाळच्या दवाने आपली आपण निजते. आत्ता नाही जाळलं तर झाडं फुलायच्या वेळेला तीच आग शेंड्याला जाऊन लागेल. मग फुलं नाहीत, माश्या नाहीत, माझी राई नाही. हे सगळं सांग."

ह्यांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणाले, "गवत जाळायची परवानगी मागते आहे, सर."

"आणि बाकीचं?" मी दारातून मराठीत विचारलं.

"तू आत जा."

मी आत गेले नाही. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं असलं तरी साहेबाचं बोलणं समजायला तेवढं पुरत होतं, कारण तो नेहमी तेच बोलायचा. हे लोक हजारो वर्षं रान जाळत आले, कारण त्यांना दुसरं काही सुचतच नाही. आता शास्त्र आलं आहे. रानातून एक रुंद पट्टा साफ करायचा, झाडं तोडून. आग आली की त्या पट्ट्यापाशी थांबेल. त्या पट्ट्याचं नाव त्याने स्वतःच 'पेनफोल्ड लाइन' ठेवलं होतं. बारसं करणारा आणि बाप एकच.

"हजारो वर्षं जाळूनही रान उरलं कसं, ते विचारा त्याला," मी ह्यांना म्हटलं.

"आत जा म्हटलं ना!"

"काय म्हणाला?" काळुंदेने विचारलं.

"साहेब विचार करतील," हे म्हणाले.

"नाही म्हणाला," मी सांगितलं.

काळुंदेने तपकिरीची चिमूट ओढली, साहेबाकडे पाहत यथासांग शिंकली आणि उठून गेली.

ती लाइन मी नंतर तिच्याबरोबर जाऊन पाहिली. आदल्या वर्षी तिच्याच गावच्या माणसांकडून फुकट तोडून घेतलेली, आणि तीसुद्धा बरोब्बर तिच्या राईला खेटून. मला आधी पट्टा सापडेना. मी साफ जमीन शोधत होते आणि समोर माझ्या कमरेइतकं गवत उभं होतं.

"हीच ती लाइन," काळुंदे म्हणाली. "इथे झाडं होती तोवर सावली होती. सावलीत गवत उगवतं का? झाडं तोडली, ऊन घातलं, पाऊस घातला. आता बघ कसं माजलंय. तुमच्या साहेबाने आगीसाठी रस्ता केलाय."

मला तिला काहीतरी शहाणपणाचं सांगावंसं वाटलं. माझं माहेर कर्जतकडचं. आमच्याकडे भाताचं रोप करायच्या आधी जमिनीवर टहाळ, पाला, शेण पसरून राब भाजतात, आणि इंग्रजाने तिथेही झाडांचा टहाळ तोडायला बंदी घालून बघितली होती. हे सगळं मी तिला रंगवून सांगितलं. आपण दोघी एकाच बाजूच्या, असं मला दाखवायचं होतं.

"तुम्ही जाळता कधी?" तिने विचारलं.

"पावसाच्या तोंडावर. सगळं कडकडीत वाळलं की."

म्हातारी पोट धरधरून हसली. "इथे तसं केलंस तर नवरा, घर आणि साहेब, सगळ्यांसकट जाशील. साहेब गेला तर हरकत नाही. पण मुली, तुझं शहाणपण तुझ्या गावाला ठेव. इथलं गवत माझ्याशी बोलतं."

मला राग आला. पण तिचं खरं होतं, आणि ती मधात पाणी घालते म्हणून तिचं गवताचं ज्ञान खोटं ठरत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका उतरत्या दुपारी मी अंगणात सांडगे काढत होते. धुराचा वास आला. पाहते तो काळुंदे साहेबाच्या बंगल्याच्या कडेने चालली आहे, हातात धुमसतं चिपाड, मागे दोन भाचे हिरव्या डहाळ्या घेऊन. ती वाकायची, चिपाड गवताला टेकवायची, पुढे सरकायची. भाचे डहाळ्यांनी बंगल्याकडची बाजू झोडपून विझवायचे आणि आग बाहेरच्या अंगाने रांगत जायची. ज्वाळा एवढीशी होती की तिच्यावर पापड भाजायचा म्हटला तर धरून बसावं लागलं असतं.

मला नवल वाटलं ते वेगळंच. राई ओढ्यापलीकडे, जीव तिचा राईत, मग ही बाई इथे साहेबाच्या दारात काय करत होती?

बंगला झाला, कचेरी झाली, मग ती आमच्या क्वार्टरभोवती आली.

"बीबी, तुला वेड लागलंय का? इथे सगळे बघतायत! आधी तुझ्या राईतलं गवत जाळून घे, जा!"

"कळतं मला कधी काय जाळायचं ते," ती म्हणाली. "तुझे ते वाळत घातलेले गोळे उचल, धूर लागेल."

तेवढ्यात बंगल्यातून आरोळी आली. पेनफोल्ड साहेब आंघोळीला बसला होता. तो कमरेला टॉवेल गुंडाळून, अंगभर साबण, हातात बादली घेऊन बाहेर धावला आणि वीतभर ज्वाळेवर त्याने आंघोळीचं पाणी ओतलं. तिथली आग आधीच पुढे गेलेली होती. पाणी राखेवर पडलं आणि राख त्याच्या पायांवर उडाली. मग तो ओरडला, "लवकर! लवकर!" आपल्याला येणाऱ्या दोन शब्दांपैकी एक तरी त्याने योग्य जागी वापरला, असं म्हणायला हवं.

काळुंदे तोवर सगळ्या ठाण्याला वेढा घालून ओढ्यापर्यंत पोचली होती. ओढा ओलांडला की तिची राई होती. शिपायांनी तिला पाण्यातच धरलं. तिने चिपाड सोडलं नाही, ते एकाने हिसकून ओढ्यात बुडवलं. तेव्हा मात्र तिचा चेहरा पडला. "थांबा रे," ती म्हणत होती, "अजून माझं राहिलंय. माझं झालं की न्या."

कुणी थांबलं नाही.

खटला चालवायला डिस्ट्रिक्ट साहेब आला. कचेरीच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. तिच्यावर नुसतं गवत जाळल्याचा आरोप नव्हता, साहेबाच्या बंगल्याला आग लावून त्याचा जीव घ्यायचा प्रयत्न केला असा होता. परवानगी नाकारली म्हणून सूड, उघड आहे, असं पेनफोल्ड साहेबाने सांगितलं. साबणाचं त्याने सांगितलं नाही.

मी आमच्या अंगणात सांडगे उलथत उभी होते. तिथून मला ह्यांचा आणि साहेबांचा कोर्टातला चढा आवाज ऐकू येत होता, काळुंदेचा येत नव्हता.

"विचारा तिला," डिस्ट्रिक्ट साहेब म्हणाला, "रानात एवढी जागा असताना आग बंगल्यापाशीच का लावली?"

काळुंदे बोलली. चांगली लांबलचक बोलली, हात करून, एकदा बंगल्याकडे, एकदा आमच्या घराकडे, शेवटी ओढ्याकडे. ह्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"ती म्हणते, तिला काही सांगायचं नाही, सर."

तिला पाऊस सुरू होईपर्यंतची कैद झाली. नेताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भाच्यांना सांग, आठवड्याच्या आत राई जाळून घ्या. मग गवत हाताबाहेर जाईल."

मी सांगितलं. पण साहेबाने ओढ्यावर पहारा बसवला होता आणि भाचे घाबरले होते. मी ह्यांच्या मागे लागले, साहेबाकडून निदान तेवढी परवानगी आणा. "तुला माझी नोकरी घालवायची आहे का?" हे म्हणाले. म्हटलं, जीभ घालवून बसलाच आहात, नोकरी तेवढी जपा. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी पोटभर जेवले.

आठवडा गेला. गवत बुडापर्यंत वाळलं.

सप्टेंबरात आग आली. ती कुणी लावली हे कधीच कळलं नाही. डोंगरापलीकडून आली एवढं खरं. साहेबाने नुकतंच लाइनीवरचं गवत कापून घेतलं होतं आणि उचलून कुठे टाकायचं हे न सुचल्यामुळे दोन्ही कडांना त्याच्या गंज्या लावून ठेवल्या होत्या. पाहुणीला पायघड्या घालाव्यात तसं. आग त्या लाइनीवरून अशी धावत आली की बघता बघता राईत शिरली. झाडं नुकती फुलली होती. शेंडे पेटले, टांगलेली नळकांडी एकामागून एक खाली पडायला लागली. ओढ्याच्या ह्या बाजूला, आमच्या अंगणातसुद्धा, जळलेल्या मेणाचा वास आला. भाचे आणि सगळं गाव पलीकडे उभं राहून बघत होतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या धुराने नव्हत्या.

मग ठिणग्या ओढा ओलांडून ठाण्याकडे आल्या. साहेबाने गाडी सुरू करून ठेवली, ह्यांनी देव आणि सर्टिफिकिटं एका ट्रंकेत भरली. पण आग इकडे टेकली आणि तिला खायला काही मिळेना. मे महिन्यात काळुंदेने जाळलेल्या वेढ्यात बोटभर हिरवी लव उगवून आली होती, दुसरं काही नव्हतं. आग त्या कडेवर थोडी घुटमळली आणि मेली. बंगला राहिला, कचेरी राहिली. माझी तुळससुद्धा करपली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेनफोल्ड साहेब आमच्याकडे चहाला आला, खुशीत होता.

"पाहिलंत? लाइनीने काम केलं. आगीचा जोर लाइनीनेच मोडला, म्हणून ठाणं वाचलं. वर कळवतो आहे मी."

"होय सर," हे म्हणाले. "अगदी खरं."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी पाइप ओढताना पाहिला. मी आतून येऊन वड्यांची बशी त्याच्या समोरून उचलली आणि परत घेऊन गेले. साहेबाला वाटलं, गरम आणायला गेली. बराच वेळ वाट बघत बसला.

पुढे त्याला बढती मिळाली. आणखी दोन जिल्ह्यांत त्याच्या नावाच्या लाइनी तोडल्या गेल्या, असं ऐकलं.

पहिल्या पावसानंतर काळुंदे सुटून आली. मी तिला भेटायला राईत गेले. राई कसली, काळे खुंट उभे होते. ती एका फुटक्या नळकांड्यावर बसली होती. तपकीर नव्हती, तुरुंगात सवय सुटली होती म्हणाली. मी माझ्याबरोबर नेलेली डबी तिला दिली. तिने बराच वेळ ती नुसती हातात धरली.

"बीबी," मी शेवटी विचारलं, "तुझा सगळा जीव इथे होता. मग त्या दिवशी आधी इथे का नाही आलीस? साहेबावर एवढा राग होता?"

"राग?" ती म्हणाली. "त्याच्यावर? रागावण्याएवढा तो मोठा कधी झाला?"

"मग?"

"आमच्याकडे रीत आहे. पहिली आग ज्याच्या हातात, त्याने आधी पाहुण्यांची घरं राखायची. मग शेजाऱ्यांची. स्वतःचं सगळ्यांत शेवटी. वारा फिरला, दव लवकर पडलं, काही आडवं आलं, तर करायचं राहून जाईल ते आपलं असावं. आधी आपलं जाळून घेतलं आणि पाहुण्याचं घर गेलं, तर ते तोंड घेऊन जगायचं कसं?" तिने बंगल्याच्या दिशेला हनुवटी उडवली. "तो कसाही असला तरी आमच्या रानात पाहुणा. तू आणि तुझा नवराही. म्हणून आधी तुमचं केलं. माझं राहिलं."

मी तिच्याशेजारच्या काळ्या खुंटाला टेकून बसले.

"हे तू कोर्टात का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. सगळं सांगितलं, अगदी हात करकरून. त्या नव्या साहेबाला ते पटलं नसावं." ती माझ्याकडे बघत राहिली. "का? तुला नाही का सांगितलं तुझ्या नवऱ्याने?"

मी घरी आले ती तडक ह्यांच्या टेबलाशी. पोलक्याच्या बाह्यांना कोळसा लागला होता. हे टाय सोडत होते.

"काळुंदे कोर्टात काय म्हणाली होती?"

"कधीची गोष्ट काढतेस!"

"पाहुण्यांची घरं आधी राखायची असतात, असं म्हणाली होती की नाही?"

ह्यांनी टाय गळ्यातून काढला. मग टायची घडी घालत, शाळेतल्या पोराला समजवावं तसं म्हणाले, "अगं, तुला कळत नाही. ती साहेबाला पाहुणा म्हणत होती. भर कोर्टात! सरकारच्या माणसाला! पाहुणा म्हणजे काय, तर चार दिवसांनी जाणारा. ह्या मुलखात सरकार पाहुणं आहे, असं मी माझ्या तोंडाने डिस्ट्रिक्ट साहेबाला सांगू? राजद्रोहच की तो! तिला आणखी सहा महिने पडले असते, आणि मला दारातून हाकललं असतं. तिच्याच भल्यासाठी मी ते गाळलं."

"ते गाळलंत म्हणून तिच्यावर जीव घेण्याचा आळ राहिला. तुमचा जीव वाचवल्याबद्दल."

"तो कायद्याचा प्रश्न आहे," हे म्हणाले आणि पाणी मागितलं.

माठ समोरच होता. मी तो त्यांना बोटाने दाखवला.

त्याला आता खूप वर्षं झाली. पेनफोल्ड साहेब गेला, त्याच्यामागून त्याचं सरकार गेलं, आणि मग आम्हीही ट्रंका बांधून बोटीत बसलो. ज्यांना पाहुणं म्हणायची ह्यांची हिंमत झाली नाही, ते सगळे पाहुण्यासारखे निघून गेले. काळुंदेची राई तेवढी आमच्या सगळ्यांच्या आधी गेली.